उलटी उचल

तुळजाभवानी वर्षातून तीनदा निजते. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी, भाद्रपदात शारदीय नवरात्राच्या आधी आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन झाल्यावर. भाद्रपदातल्या निजेला घोरनिद्रा म्हणतात. वद्य अष्टमीला मूर्ती सिंहासनावरून शेजघरातल्या पलंगावर नेतात आणि घटस्थापनेच्या पहाटे ती पुन्हा सिंहासनावर बसते. महिषासुराशी झुंज मोठी, म्हणून देवी आधी विसावा घेते, असं गावातली जाणती माणसं सांगतात.

२०२३ साली ही निद्रा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली. नेमकी त्याच दिवसांत काक्रंब्याच्या दोन चुलतभावांना दुबईची घाई झाली.

थोरला अंकुश, धाकटा बालाजी. दोघेही दहावी करून आयटीआयचे वेल्डर झालेले. तुळजापुरात एका फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला होते. लॉजचे कठडे, दुकानांची शटरं, खिडक्यांच्या जाळ्या आणि नवरात्र जवळ आलं की दर्शनरांगेची बॅरिकेडं, अशी कामं. महिन्याला हातात चौदा हजार. त्या वर्षी ऑगस्ट सगळा कोरडा गेला होता, सोयाबीन शेंगा धरायच्या आतच माना टाकून बसलं होतं. घरात पैसा यायची दुसरी वाट दिसत नव्हती.

अशात सोलापूरहून एक माणूस आला. पांढरी गाडी, दोन मोबाइल. त्यानं दुकानातच चहा पीत हिशेब मांडला. दुबईत फॅब्रिकेशनची कंपनी, पगार १,८०० दिरहम, म्हणजे आपले चाळीस हजार. राहणं-खाणं कंपनीचं. खर्च एक लाख चाळीस हजार. आठ दिवसांत पैसे, महिन्याच्या आत विमान. "जागा दोनच उरल्यात," तो जाताना म्हणाला. "तुम्ही न्हाई म्हणला तर नळदुर्गची पोरं तयार हायतीच."

अंकुश हातचा कसबी, डोक्यानं तल्लख आणि मनानं धीट. तो दुसऱ्या दिवशी सकाळी कल्लोळ तीर्थात हातपाय धुऊन देवळात गेला. आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात टेकवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, जागचा हलला नाही तर अजून वेळ आहे, असा लोकांचा भरवसा. अंकुशच्या हाताखाली दगड उजवीकडे फिरला. तो तसाच धावत घरी आला.

अंगणात आज्जी गोधड्या धूत बसली होती. नवरात्राआधी घरातलं सगळं धुऊन काढायचं, ही रीत. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दगडाला काय इचारलंस?"

"दुबईला जाऊ का, म्हणून."

"कुणासंगं जाऊ, हे इचारलंस का?"

अंकुश हसला. त्याचे वडील वारलेले, घरात तोच कर्ता. आईचे दागिने त्यानं मोडले, उरलेले एक लाख सावकाराकडून शेकडा तीननं उचलले आणि तिसऱ्या दिवशी पैसे भरून मोकळा झाला.

बालाजीचे वडीलही तयार होते. अर्धा एकर गहाण टाकायचं ठरत आलं होतं. पण दोन्ही घरांत शब्द चालायचा तो म्हातारीचा, निदान धाकट्या घरात तरी. ती म्हणाली, "आई निजलीय. ती उठंस्तवर ह्या घरातनं एक रुपाया हलायचा न्हाई."

"आज्जे, तवर जागा जाईल की."

"जाऊ दे. देवीला राक्षसासंगं लढायचंय, तर ती बी आधी अंग टाकती. तुला कशाची घाई झाली रं?"

वडील चरफडले, आई गप्प बसली. पण देवीच्या निजेचं नाव निघाल्यावर पुढं बोलायची कुणाची छाती होईना. बालाजीला नको असताना आठ-नऊ दिवस मिळाले.

*

त्या संध्याकाळी आज्जीनं त्याला जवळ बसवलं. ती शाळेत कधी गेली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊस तोडला होता. दसरा झाला की टोळी ट्रकमध्ये बसायची, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत गावाकडं यायची नाही. निघायच्या आधी मुकादम उचल द्यायचा. जोडीमागं ठरलेली रक्कम रोख हातावर, आणि एका कागदावर अंगठा.

"कागद कोरा हुता," आज्जी म्हणाली. "म्या इचारलंच न्हाई. पैका दिसला, त्यात तुझ्या आत्याचं लगीन दिसलं. कागद कशाला बघतीया!"

मग एका हंगामात आजोबांना ताप भरला. फडात उभं राहवेना. घरी जातो म्हटल्यावर मुकादमानं वही काढली. उचल अजून निम्मीसुद्धा फिटली नव्हती. तो म्हणाला, पैसे ठेवा आणि जा. पैसे कुठले ठेवणार? बैलगाडी, भांडी सगळी त्याच्याच नजरेखाली. आज्जीनं एकटीनं मोळ्या वाहिल्या. आजोबा खोपीतच तापानं फणफणत पडले. ते वाचले, पण छातीचं दुखणं कायमचं राहिलं.

"त्या सालापासनं म्या काय शिकले सांगू? ट्रकमधी बसायच्या आधी सहा गोष्टी इचारायच्या. मुकादम कुणाचा माणूस, म्हंजी त्याच्या वर कोण. दिसाला किती आणि पैका कुणाच्या हाती. निजायचं कुठं. आजारी पडलं तर दवाखाना कुणाचा. आपला कागद कुणाच्या पेटीत. आणि मधीच घरी यायचं झालं, तर वाट कुठली आणि तिचा खर्च कुणाचा."

बालाजीनं वहीच्या मागच्या पानावर हे सहा प्रश्न लिहून घेतले. लिहिताना त्याला गंमतच वाटत होती. फड कुठं आणि दुबई कुठं!

आज्जीच्या ते ध्यानात आलं. ती म्हणाली, "हसू नगंस. मुकादम किती बी वंगाळ असला, तरी आधी पैका द्यायचा आणि मग राबवून घ्यायचा. ह्यो तुझा दुबईवाला आधी पैका घेतोय. काम करणारा तू, आणि पैका बी तूच द्यायचा? ही उलटी उचल म्या कधी बघितली न्हाई. ह्यात तर आणखी सांभाळून ऱ्हायला पायजे."

बालाजीचं हसू तिथंच विरलं. गेल्या तीन दिवसांत हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

*

तो सोलापूरला गेला. माणसाचं ऑफिस म्हणजे स्टँडजवळच्या लॉजमधली एक खोली. बालाजीनं वही उघडल्यावर त्या माणसानं भुवया उंचावल्या.

"कंपनीचं नाव?"

त्यानं एक कागद पुढं केला. इंग्रजीत छापलेला, वर बोधचिन्ह, खाली सही नाही.

"तुमचा लायसन नंबर?"

"अरे, तू दहावी पास हायेस ना? तुझ्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का न्हाई. तुला सरकारची परवानगी लागतच न्हाई. लायसनची भानगड अडाण्यांसाठी असती."

"व्हिसा नोकरीचा का?"

"आधी व्हिजिटवर जायाचं. तिथं गेल्यावर बदलून देतेत. सगळी तशीच जातेत."

"पासपोर्ट माझ्यापाशीच ऱ्हाईल का?"

आता मात्र त्या माणसाचा सूर बदलला. "तुला जायाचंय का माझी परीक्षा घ्यायाचीय? नसलं जमत तर सांग, पोरं लायनीत हायती."

सहाव्या प्रश्नापर्यंत गाडी गेलीच नाही.

परतीच्या एसटीत बालाजी शिक्क्याच्या गोष्टीवर अडखळला होता. ते बोलणं पटण्याजोगं होतं, कारण निम्मं खरं होतं. दुसऱ्या दिवशी तो आयटीआयच्या आपल्या जुन्या सरांकडं गेला. सरांनी गाठ सोडवून दिली. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते. आखातातल्या देशांसह ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी त्यांना सरकारची परवानगी काढावी लागते आणि त्या निमित्तानं त्यांचा करार कुणीतरी पाहतो. दहावी झालेल्याला ती अट नाही. म्हणजे त्याला कुणी अडवत नाही, आणि त्याच्यासाठी कुणी कागदही पाहत नाही. शिकलेल्यानं स्वतःच पाहायचा. पण माणसं परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटाला मात्र १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणं परवाना लागतोच, मग जाणारा दहावी असो वा पदवीधर. आणि परवाना असलेल्या एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही. तेही पावती देऊन.

"एक लाख चाळीस हजार कशाचे, ते विचार त्याला," सर म्हणाले.

दोघांनी मिळून सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी उघडली. त्या माणसाचं नाव त्यात नव्हतं.

मग सरांनी बालाजीला उलट प्रश्न केला. "बरं, सगळं खरं निघालं असतं तरी तू तिथं जाऊन काय करणार होतास? जाळ्या?"

बालाजीला काही सुचलं नाही.

"तिथं पैसा आहे तो पाइप वेल्डरला. सिक्स-जी जमतं का तुला?"

घटस्थापनेच्या पहाटे देवी सिंहासनावर बसली. घरात घट बसले, माळ चढली. आज्जीनं विचारलं, "सहातली उत्तरं किती गावली?"

"एक बी न्हाई."

"मग देवी उठली, पण तू बस."

*

कोजागरी झाल्यावर अंकुश गेला. काक्रंब्याच्या फाट्यावर त्याला पोचवायला निम्मी आळी आली होती. चार दिवसांनी त्याचा फोटो आला. मागं बुर्ज खलिफा, डोळ्यांवर काळा चष्मा. बालाजीच्या आईनं तो फोटो पाहिला आणि त्या दिवशी ती सासूशी बोलली नाही. पारावरची माणसं बालाजीला विचारत, "का रं, आज्जीनं सोडलं न्हाई का?" वर्षभर त्यानं हे ऐकून घेतलं. परदेशी जायच्या तयारीतला हा भाग कुठल्या यादीत नसतो. बरोबरीचा पुढं निघून गेलेला दिसत असताना आपण जागेवर थांबून हात घडवायचा, हे काम सगळ्यात अवघड.

बालाजी दिवाळीनंतर चाकणला गेला. पाइपलाइनचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडं सोळा हजारांवर लागला. खोलीचं भाडं जाऊन गावी पाठवायला फारसं उरत नव्हतं. पण संध्याकाळी पाळी संपली की तिथला एक जुना वेल्डर त्याला पाइपचे तुकडे द्यायचा.

सिक्स-जी म्हणजे पाइप पंचेचाळीस अंशात तिरका बांधायचा आणि तो न फिरवता, आपण त्याच्याभोवती फिरत सांधा पुरा करायचा. खालून वर जाताना हात डोक्यावर, बाजूला आलं की मान वाकडी, वर पोचलं की रस ओघळू पाहतो. जाळीच्या कामात सांधा चिकटला की झालं, वरून घासून रंग मारला की कुणाला कळतही नाही. इथं सांध्याचा एक्स-रे निघतो. पहिला थर आर्गनवर टाकायचा, त्याला रूट म्हणतात. तो पाइपच्या आतल्या अंगाला सारखा उतरला पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. त्यावर रॉडनं भरायचं. जाळीला वापरतात तो ६०१३ चा रॉड पोत्यातनं काढून लावला तरी चालतो. ७०१८ चा रॉड भट्टीत तापवून, कोरडा करूनच वापरायचा. ओल राहिली तर सांधा वरून झकास दिसतो आणि आतून तडकतो.

बालाजीचे पहिले कितीतरी तुकडे जुन्या वेल्डरनं करवतीनं कापून त्याच्यापुढं टाकले. आत बघ, म्हणायचा. आत भोकं असायची. २०२४ च्या पावसाळ्यात कधीतरी त्यानं एक तुकडा कापला, बोट फिरवलं आणि काही न बोलता बाजूला ठेवून दिला. त्या रात्री बालाजीनं गावी फोन केला. आज्जीला सिक्स-जी काय ते कळलं नाही. पोराच्या आवाजातला फरक मात्र कळला.

*

अंकुशचे फोन तोवर कमी होत गेले होते. सप्टेंबरच्या शेवटी, घटस्थापनेला थोडे दिवस उरले असताना, तोच दारात उभा राहिला. हातात एक पिशवी. वजन बरंच उतरलेलं. आज्जीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि काही विचारलं नाही. रात्री त्यानंच सांगितलं.

विमानतळावर घ्यायला आलेल्या माणसानं व्हिसा लावायचा म्हणून पासपोर्ट मागून घेतला. काम दुबईत नव्हतं, शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका शेडमध्ये होतं. एका खोलीत बारा जण. बोलले होते १,८०० दिरहम, हातात पडायचे ९००, तेही दोन महिन्यांतून एकदा. डिसेंबर संपता संपता व्हिजिट व्हिसाची मुदत गेली. त्यानंतर दर दिवसाला ५० दिरहम दंड चढत गेला. ऑगस्टअखेर तो १२,००० दिरहमांच्या वर पोचला, म्हणजे पावणेतीन लाख रुपये. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला अमिरातीच्या सरकारनं बंदी घातलेली आहे. पण जो कुठल्याच कागदावर कामगार नाही, त्याला ही सावली कोण देणार?

"तक्रार करायचीस की," बालाजीचे वडील म्हणाले.

"आप्पा, कामाचा परवाना नसताना काम करणं हाच तिथं गुन्हा. तक्रार घेऊन गेलो असतो तर आधी मीच सापडलो असतो. त्येनी नेमकं तिथंच बांधून ठिवलं होतं."

१ सप्टेंबर २०२४ पासून अमिरातीनं मुदत उलटून गेलेल्या परदेशी माणसांसाठी माफी लागू केली. दंड माफ, देश सोडायला मोकळीक. शेडमधल्या एका मल्याळी माणसानं अंकुशला हे सांगितलं. पासपोर्ट परत मिळायचं नाव नव्हतं. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासानं माफी घेणाऱ्यांसाठी मदतीची सोय केली होती. तिथून त्याला पासपोर्टच्या जागी घरी येण्यापुरता आपत्कालीन दाखला मिळाला. तिकिटाचे पैसे त्याच मल्याळी माणसानं दिले.

इकडं सावकाराचं लाखावर शेकडा तीननं महिन्याला तीन हजार व्याज चढत होतं. वर्षाचे छत्तीस हजार. मुद्दल जिथल्या तिथं.

"माझा हात चांगला हुता, आज्जे," अंकुश म्हणाला. "बालाजीपेक्षा चांगला. आणि दगडानं उजवा कौल दिला हुता."

आज्जी म्हणाली, "दगडाचा काय दोष? तू इचारलंस, जाऊ का. त्यानं सांगितलं, जा. तू गेलास. न्हाई म्हंजी, गेलास कुठं? तुला नेलं."

*

बालाजीची मुंबईतली मुलाखत डिसेंबरात झाली. एजंट परवानाधारक, नंबर यादीत पाहूनच तो गेला होता. तिथं बोलणं थोडं आणि काम जास्त होतं. पाइपचा तुकडा दिला, सांधा मारून घेतला, एक्स-रेला पाठवला. आठवड्यानं निरोप आला की सांधा पास झाला आहे.

नोकरीचा देकार आला तेव्हा बालाजी तो घेऊन सरळ अंकुशकडं गेला. याचं गावात पुष्कळांना नवल वाटलं. फसून आलेल्याकडं सल्ला मागायला कोण जातं? पण ज्या रस्त्यावर खड्डा कुठं आहे हे एकालाच ठाऊक असतं, त्या रस्त्यावर त्यालाच पुढं घालावं लागतं.

अमिरातीत कामाचा देकार अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशा आणखी एका भाषेत देतात. त्यात हिंदी आहे. दोघं भाऊ अंगणात बसून तो ओळीओळीनं वाचू लागले. अंकुश एका आकड्यावर थांबला.

"पगार २,४०० लिहिलाय, पण मूळ पगार बघ. १,५०० च. बाकीचे भत्ते."

"मग?"

"जादा कामाचा पैसा मूळ पगारावर धरतेत. नोकरी सोडताना वर्षामागं एकवीस दिवसांचा पगार मिळतो, त्यो बी मूळ पगारावरच. तू २,४०० वर हिशेब मांडशील आणि तिथं गेल्यावर भांडत बसशील."

बालाजीनं एजंटाला फोन करून विचारलं. कंपनीची हीच पद्धत आहे, बदल होणार नाही, असं उत्तर आलं. रात्रभर विचार करून त्यानं सही केली. कमी तर कमी, पण काय मिळणार आहे ते आता त्याला माहीत होतं. कागदावरचा नंबर अमिरातीच्या कामगार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून त्यानं तो खरा असल्याची खात्री केली. व्हिसा नोकरीचा होता, तिकीट कंपनीचं. एजंटाला ३५,४०० रुपये बँकेतून गेले, पावती आली. निघण्याआधीचं एका दिवसाचं सरकारी प्रशिक्षणही त्यानं करून घेतलं. पासपोर्ट, व्हिसा, करार, सगळ्याच्या तीन प्रती काढल्या. एक अंकुशकडं, एक घरात, एक स्वतःच्या ईमेलमध्ये. पासपोर्ट कंपनीनं अडकवून ठेवायचा नसतो, हे अंकुशनं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आणि चाकणला साठवलेल्यातले तीस हजार त्यानं पोस्टात बहिणीच्या नावानं ठेवले. हे परतीच्या तिकिटाचे. पेरणी अडली तरी यांना हात लावायचा नाही, असं वडिलांकडून कबूल करून घेतलं. वडिलांना ते जड गेलं. दारात खताचं पोतं नसताना पोस्टात तीस हजार पडून, हे शेतकऱ्याला कसं पटावं? आज्जीनं एका वाक्यात मिटवलं, "त्या सालाला आपल्यापाशी एवढं असतं, तर तुझा बाप खोपीत पडला नसता."

निघायच्या आदल्या दिवशी बालाजीनं जुनी वही काढून तिच्यापुढं सहा प्रश्न पुन्हा वाचले. या वेळी सहाही प्रश्नांपुढं उत्तरं लिहिलेली होती. राहण्याच्या प्रश्नापुढं लिहिलं होतं, 'एका खोलीत सहा.' आज्जी म्हणाली, "सहा म्हंजी दाटीच की."

"व्हय. पण ठाव हाय आता."

"मग जा," ती म्हणाली.

*

ही गोष्ट एका काक्रंब्याची नाही आणि एका दुबईचीही नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या म्यावाडी भागातून पाचशेहून अधिक भारतीयांना सोडवून विमानानं परत आणावं लागलं. त्यांना चांगल्या नोकरीच्या आमिषानं नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं होतं. ती शिकलेली, संगणक येणारी मुलं होती. अडाणी माणूसच फसतो, हा समज एजंटांच्या फार सोयीचा आहे. दुसरीकडं फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. वीजतंत्री, नळकामगार, परिचारिका अशांसाठी तिकडं दारं उघडायची बोलणी झाली, आणि त्यासाठी आधी जर्मन शिकायची अट आली. भाषा शिकायला महिनेच्या महिने जातात म्हटल्यावर पुष्कळांचा पहिला प्रश्न असतो, "न शिकता जायची काही वाट आहे का?" अशी वाट विकणारा माणूस मग कुठल्या तरी लॉजमध्ये खोली घेऊन बसलेलाच असतो.

अंकुश आता सोलापूरला पाइपच्या कामावर आहे. जाण्याआधी बालाजीनं त्याला रूट कसा टाकायचा ते दाखवलं, आणि हात मुळातच चांगला असल्यानं त्याला ते लवकर साधलं. सावकाराचं मुद्दल निम्म्यावर आलं आहे. फिटलं की तोही जाणार म्हणतो. आज्जीची ना नाही. दर रविवारी तो गावी आला की आसपासची पोरं आपापले कागद घेऊन त्याच्याकडं येतात. तो आधी एवढंच विचारतो, "पैसे भरलेस का अजून?" नाही म्हटलं तर जवळ बसवतो आणि सहा प्रश्न लिहून देतो. हो म्हटलं तर पावती मागतो.

तात्पर्य सरळ आहे. बॅग भरणं, दागिने मोडणं, चिंतामणीवर हात ठेवणं, ही सगळी निघायची गडबड झाली. तयारी म्हणजे हातात बाजारात किंमत असलेलं कसब, डोळ्यांखालून घातलेला कागद आणि बाजूला काढून ठेवलेलं परतीचं भाडं. एवढं असलेला माणूस परदेशी जातो. नसलेल्याला दुसरा कुणीतरी नेतो, आणि नेणाऱ्याचं भाडंही त्याच्याकडूनच वसूल करतो.